दिवसाच्या भाड्याचे घर : आधी ऐब विचारा, मग दर

शाळांना मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी लागली की मालेगाव, सोलापूर, इचलकरंजी, मिरज, नांदेड, चिपळूण अशा गावांतील आपले अनेक व्यापारी व कारागीर बंधू मुंबईची वाट धरतात. मंगलदास मार्केटमधून कापड पाहायचे असते, मस्जिद बंदरला घाऊक भाव काढायचे असतात, एखाद्याला अब्दुल रहमान स्ट्रीटवरून दुकानाचे किरकोळ सामान न्यायचे असते. त्याच फेरीत बायको-मुलांना राणीची बाग, समुद्र आणि हाजी अली दाखवून आणावे, असा विचार होतो. विचार चांगला आहे. वर्षभर दुकान आणि माग यांतून मान वर न काढणाऱ्या माणसाने चार दिवस घरच्यांना दिले तर त्यात गैर काहीच नाही.

पूर्वी अशा वेळी नातेवाइकांकडे उतरण्याची रीत होती. एकटा माणूस मुसाफिरखान्यात किंवा लॉजवर पथारी टाकीत असे. आता नातेवाइकांची घरे लहान पडतात, त्यांची मुलेही मोठी झालेली असतात. म्हणून दिवसाच्या भाड्याने सबंध फ्लॅट घेण्याचा प्रघात वाढला आहे. मोबाइलवर फोटो पाहायचे, दर ठरवायचा, आगाऊ रक्कम पाठवायची आणि किल्ली घ्यायची. सोबत दीड-दोन वर्षांचे चालते मूल असले तर हा व्यवहार कसा करावा, याविषयी आज आम्हास थोडे लिहावयाचे आहे. हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते तो येथेच शोभतो. घर भाड्याने घेणे हा सौदा आहे, आणि सौद्यात आपण हुशार समजले जातो. तरीही याच एका सौद्यात आपण डोळे मिटून पैसे देतो.

माल पारखतो, घर का पारखत नाही?

दहा हजारांचे कापड घेताना आपण ताका उलगडतो, पोत चोळून पाहतो, उजेडात धरून विणीतली चूक शोधतो. परंतु ज्या घरात आपले मूल चार रात्री राहणार, त्याच्याबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात : भाडे किती आणि एसी आहे का? खिडकीला गज आहेत की नाहीत, हे किल्ली हाती पडल्यावर कळते.

याला केवळ निष्काळजीपणा म्हणून चालणार नाही. त्यामागे एक दुखरे कारण आहे आणि ते आपण उघड बोलत नाही. नाव ऐकल्यावर "जागा भरली" असे सांगणारे मालक शहरात आहेत. भाड्याने घर शोधलेल्या आपल्यातील अनेकांनी हा अनुभव घेतला आहे. दोन-तीन ठिकाणी नकार पचवल्यावर जो कोणी होकार देतो, त्याचे आपल्याला उपकार वाटू लागतात. मग प्रश्न विचारण्याची हिंमत होत नाही. फार चौकशी केली तर हाही नाही म्हणेल, या भीतीने आपण गप्प राहतो आणि मिळेल ते घर पदरात पाडून घेतो.

दुःखाची गोष्ट अशी की या भीतीचा फायदा आपलेच काही लोक घेतात. आपल्या माणसाला आपल्याशिवाय कोण जागा देणार, असा हिशोब करून मोडकी कडी, गळका नळ आणि उघडी गॅलरी तशीच ठेवून चढ्या दराने घर दिले जाते. म्हणून आमचे म्हणणे दोन्ही बाजूंना आहे. घेणाऱ्याने दराच्या आधी ऐब विचारावा. देणाऱ्याने तो न विचारता सांगावा.

जागा कोठे घ्यावी

पहिला प्रश्न ठिकाणाचा. मीरा रोड, मुंब्रा, कौसा येथे घरे नवी व मोठी असतात आणि तुलनेने स्वस्त मिळतात. आपल्या वस्तीमुळे मनही निर्धास्त असते. पण तेथून घाऊक बाजारात यायला लोकलने तास-सव्वा तास लागतो. सकाळी शहराकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी परत जाणाऱ्या गाड्यांत लहान मूल कडेवर घेऊन चढणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले त्यालाच ठाऊक. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही हे खरे, परंतु गर्दीतून त्याला सवलत मिळत नाही. रविवारी बहुतेक घाऊक बाजार बंद असतो, म्हणून तो दिवस आपण फिरण्यासाठी राखतो. नेमका त्याच दिवशी मध्य व हार्बर मार्गावर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो.

हिशोब करून पाहा. समजा, लांबचे घर दिवसाला पाचशे रुपयांनी स्वस्त आहे. पाच दिवसांत अडीच हजार रुपये वाचले. पण रोज जाता-येता दोन-अडीच तास गेले, म्हणजे पाच दिवसांत दहा-बारा तास. बाजाराचा एक सबंध दिवस वाटेतच संपला. त्यात मूल किरकिरले म्हणून एक-दोनदा टॅक्सी करावी लागली तर वाचलेले पैसे तेथेच जातात. कारखानदार जसा मालाच्या भावात हमाली आणि गाडीभाडे धरून पडता काढतो, तसा घराचाही पडता काढला पाहिजे.

ज्यांचे काम दक्षिण मुंबईच्या बाजारांत आहे, त्यांना भायखळा, नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा हा पट्टा सोयीचा पडतो. बाजार जवळ, मशीद जवळ, खाण्याची अडचण नाही. राणीची बाग भायखळ्यातच आहे. ती बुधवारी बंद असते एवढे लक्षात ठेवावे. मुलाला रात्री ताप चढला तर सर जे. जे. रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे आणि मुलांचे वाडिया रुग्णालय परळला आहे. घर घेण्यापूर्वी जवळचा दवाखाना आणि रात्री उघडे असणारे औषधांचे दुकान विचारून ठेवावे.

मोहम्मद अली रोडवर अगदी रस्त्याच्या तोंडाशी घर मिळत असेल तर आधी थोडे थांबा. जे. जे. उड्डाणपूल तेथील खिडक्यांच्या पुढून जातो आणि भोंग्यांचा आवाज थेट आत येतो. रमजानमध्ये तर सहरीपर्यंत रस्ता जागा असतो. मोठ्यांना ती रौनक हवीशी वाटते, पण मुलाची झोप मोडली की दुसरा दिवस सगळ्यांचाच बिघडतो. त्याच भागात आतल्या गल्लीतील, मागच्या बाजूचे घर मागावे.

इमारत पाहा, मग खोली

या जुन्या वस्त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. येथील कित्येक इमारती फार जुन्या आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील पाकमोडिया स्ट्रीटवर हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे दगावली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला, तेथेही जीव गेले. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत. म्हाडाचे इमारत दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शहरातील अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. इमारतीचे नाव त्या यादीत आहे का, हे मालकाला सरळ विचारावे. जिन्याला टेकू लावलेले असतील, छताचे प्लास्टर सुटून सळ्या दिसत असतील, तर आतला पलंग कितीही सुंदर असो, त्या घराला सलाम करून परत फिरावे.

मजला कितवा आणि लिफ्ट कशी, हेही विचारा. लाकडी जिना, मधल्या कठड्याचे दोन गज गायब आणि कडेवर झोपलेले मूल, हे जुळणारे गणित नव्हे. जुन्या पद्धतीची सरकत्या जाळीची लिफ्ट असेल तर त्यात मुलाला कडेवरच घ्यावे, खाली उभे करू नये. जाळीतून बोट, हात बाहेर काढायला मुलाला क्षणही लागत नाही.

खिडकी आणि गॅलरी

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, तेथे येतो. नव्या इमारतींत सरकत्या काचांच्या रुंद खिडक्या असतात. खाली बसण्यासारखा कट्टा असतो आणि त्याला टेकून पलंग ठेवलेला असतो. फोटोत हे दृश्य फार देखणे दिसते. दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी मात्र ती शिडीच होय : जमिनीवरून पलंगावर, पलंगावरून कट्ट्यावर, कट्ट्यावरून बाहेर. कीटक येऊ नयेत म्हणून बसवलेल्या जाळीचा आधार वाटतो, पण ती जाळी डास अडवते, मूल अडवीत नाही.

हा धोका गरीब-श्रीमंत ओळखत नाही. प्रसिद्ध इंग्रज गायक एरिक क्लॅप्टन यांचा चार वर्षांचा मुलगा २० मार्च १९९१ रोजी न्यूयॉर्कमध्ये ५३व्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून पडून मरण पावला. पैसा, नोकर, उंची वस्ती यांपैकी काही कमी नव्हते. एक खिडकी उघडी राहिली होती. त्याच न्यूयॉर्क शहराने मुले खिडकीतून पडण्याच्या घटना पाहून १९७२ पासून घरोघरी खिडक्यांना गज बसविण्याची मोहीम घेतली. १९७६ मध्ये नियमच केला की अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीत ज्या घरात दहा वर्षांपर्यंतचे मूल राहते, तेथे मालकाने खिडकीला गज बसविलेच पाहिजेत. जबाबदारी मालकाची ठरली, हे ध्यानात घ्या. त्यानंतर पडण्याच्या घटना ठळकपणे कमी झाल्या. चार गजांनी होणारे काम आहे.

आपल्याकडे निदान विचारणे तरी आपल्या हाती आहे. गज उभे असावेत, आडवे नसावेत. आडव्या गजांवर पाय ठेवून मूल चढते. दोन गजांतील अंतर चार इंचांपेक्षा जास्त नसावे. अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या बांधकाम नियमांत कठड्यासाठी हेच माप धरलेले आहे, कारण त्यापेक्षा मोठ्या फटीतून लहान मुलाचे अंग निसटू शकते आणि डोके अडकते. गॅलरीच्या कठड्याजवळ खुर्ची, कुंडी, वॉशिंग मशीन असे चढण्यासारखे काही नसावे. गॅलरीच्या दाराला वरच्या बाजूला, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर कडी असावी. एवढे नसेल तर घर घेऊ नये. घ्यावेच लागले तर पलंग ओढून भिंतीशी लावावा, गादी जमिनीवर घालावी आणि खिडकी जेमतेम हवा येईल इतकीच उघडता येईल असा अडसर बसवून घ्यावा.

बादली, गिझर आणि बाटल्या

दुसरा धोका न्हाणीघरातील आहे आणि तो आपल्या नजरेला दिसत नाही, कारण भरलेली बादली आपल्याला रोजचीच. मुंबईच्या पुष्कळ भागांत पाणी ठरावीक तासच येते. म्हणून पिंप, टब, बादल्या भरून ठेवतात. या वयाच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. वाकून पाहताना ते तोंडावर आत पडले तर त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही. बुडायला दोन-चार इंच पाणी पुरते, आणि बुडणारे लहान मूल ओरडत नाही. म्हणून न्हाणीघराला बाहेरून वरची कडी आहे का आणि पिंपाला घट्ट झाकण आहे का, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पाण्याची वेळ विचारून घेतली तर गरजेपुरतेच पाणी भरून ठेवता येते. उघडे साठवलेले पाणी पावसाळ्यात डेंग्यूच्या डासांचे घर होते, तेही टळते.

गिझर विजेचा की गॅसचा, हेही विचारावे. विजेच्या गिझरमधील ६० अंशांपर्यंत तापलेल्या पाण्याने मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, हा क्रम सोडू नये. गॅसचा गिझर बंद न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल तर त्यातून विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. असा गिझर हवा खेळती नसलेल्या जागी असेल तर तो वापरूच नये.

भाड्याच्या घरात आणखी एक गोष्ट असते : आधीच्या माणसांनी मागे ठेवलेल्या वस्तू. ओट्याखाली ॲसिडची बाटली, कपाटात डांबराच्या गोळ्या, कोपऱ्यात उंदराचे औषध, पलंगाखाली पडलेले रिमोटचे सेल. आपल्या घरात काय कोठे आहे हे आईला ठाऊक असते, परक्या घरात नसते. म्हणून किल्ली मिळाल्यावर बॅगा उघडण्यापूर्वी एक काम करावे. मोठ्या माणसाने मुलाच्या उंचीवर, म्हणजे गुडघ्यांवर बसून, सबंध घर एकदा फिरून पाहावे. त्या उंचीवरून काय काय हाताला येते ते दिसते : खालचे प्लग, लोंबणारी वायर, ओढला तर अंगावर येणारा टेबलक्लॉथ. दहा मिनिटांचे काम आहे.

निवड कोणी करावी

येथे आम्ही पुरुषवाचकांना एक गोष्ट स्पष्टच सांगू. सकाळी नऊला आपण बाजारात जातो आणि संध्याकाळी परततो. त्या घरात दिवसभर मुलाबरोबर असते ती त्याची आई. स्वयंपाक तिने करायचा, दूध तिने तापवायचे, ओले कपडे तिने वाळत घालायचे, आणि मुलाने खिडकीकडे धाव घेतली तर धावायचे तिनेच. असे असून घर ठरवताना तिला कोणी विचारीत नाही. घर तिने निवडावे. फोटो तिला दाखवावेत, मालकाला विचारायचे प्रश्न तिच्याकडून लिहून घ्यावेत. कुकर आणि दूध तापवायचे पातेले आहे का, फ्रिज चालतो का, दोरी कोठे आहे, एकटी असताना दार कोणी वाजवले तर बाहेर पाहायला सोय आहे का, हे तिलाच सुचेल. तिची सुट्टी जर चार भिंतींत मूल सांभाळण्यातच जाणार असेल, तर तिला मुंबई दाखवली असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

व्यवहाराच्या बाजूने चार गोष्टी पाळाव्यात. फोटोवर विसंबू नये. मुंबईतल्या ओळखीच्या माणसाला घर पाहून यायला सांगावे. ते शक्य नसेल तर व्हिडिओ कॉल करून खिडक्या, गॅलरी, न्हाणीघर आणि जिना चालत्या कॅमेऱ्याने दाखवायला सांगावे. जो मालक हे टाळतो, त्याने उत्तर दिलेलेच आहे. सबंध रक्कम आधी पाठवू नये, थोडा बयाणा द्यावा. न पाहिलेल्या घराचे पैसे घेऊन फोन बंद करणारे भामटे पुष्कळ आहेत. आणि जे ठरले ते चार ओळींत लिहून घ्यावे : दिवस किती, भाडे किती, डिपॉझिट किती व कधी परत, काय काय चालू स्थितीत मिळेल. सोसायटीची अशा भाड्याला हरकत नाही ना, हेही त्यातच लिहून घ्यावे, नाहीतर रात्री अकराला सामान घेऊन गेटवर वॉचमनशी हुज्जत घालावी लागते.

घर देणाऱ्या बंधूंना

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. मुंबईत एखादा जादा फ्लॅट असलेले आणि तो दिवसाने देणारे आपले बंधू बरेच आहेत. ही हलाल कमाई आहे आणि चांगला धंदाही आहे. पण तो इजारा आहे, याची आठवण ठेवावी. फिकहमध्ये इजाऱ्याच्या अटी साध्या आहेत : कशाचा उपयोग विकला जात आहे ते ठाऊक असावे, मुदत ठाऊक असावी, मोबदला ठाऊक असावा. विक्रीच्या मालातील ऐब लपविणे जसे नाजायज, तसेच भाड्याच्या घराचेही. उपयोगात बाध आणणारा दोष नंतर उघड झाला तर करार मोडण्याचा हक्क घेणाऱ्याला राहतो. घर त्याच्या हाती अमानत असते. त्याच्या हलगर्जीपणाशिवाय जे मोडले-तुटले त्याची भरपाई त्याच्याकडून घेता येत नाही. वापराने झिजलेल्या नळासाठी डिपॉझिट कापणाऱ्यांनी हा मुद्दा एखाद्या आलिमाला जरूर विचारावा.

काही मालक म्हणतात की लहान मुले गाद्या खराब करतात, भिंती रंगवतात, म्हणून मूल असलेले बिऱ्हाड नकोच. तुमची तक्रार खोटी नाही. पण त्यावर नकार हा उपाय नव्हे. गादीला रबरी चादर घाला, धुलाईचे पैसे वेगळे असतील तर आधीच सांगा. ज्या घरात गज नाहीत, तेथे मात्र "हे घर लहान मुलासाठी नाही" असे स्वतःहून सांगा. एक गिऱ्हाईक जाईल, पण आपल्या शब्दाला किंमत येईल. बाजारात पेढी उभी राहते ती याच शब्दावर. मालेगावच्या एका कुटुंबाला घर पसंत पडले की त्या गल्लीतील दहा कुटुंबे तुमचाच नंबर मागतील. त्याला जाहिरात लागत नाही.

कारागिरांचे काम

ग्रिल करणारे वेल्डर, सरकत्या खिडक्या बसवणारे, सुतार, प्लंबर, वायरमन यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. वर सांगितलेला प्रत्येक दोष दूर करणे हे त्यांच्याच हातचे काम आहे. चार इंचांच्या अंतराचे उभे गज, गॅलरीला पोलादी तारांची जाळी, स्वयंपाकघराच्या दाराला काढता-घालता येणारे छोटे फाटक, दारांना उंचावर कडी, खालच्या प्लगना झाकण, मीटरजवळ गळती होताच वीज तोडणारा स्विच. दिवसाने घर देणाऱ्यांकडे जाऊन हे सगळे काम एकत्र, ठरावीक दरात करून देण्याचा प्रस्ताव का ठेवू नये? गिऱ्हाईक ग्रिल मागते तेव्हा बहुधा नक्षी मागते. माप सांगणे हे कारागिराचे काम आहे. नक्षीसाठी आडव्या पट्ट्या टाकायला कोणी सांगितले तर घरात मूल आहे का, एवढे विचारावे. मात्र खिडकी कायमची बंद करू नका. आग लागली तर बाहेर पडण्यासाठी एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारा भाग ठेवा आणि त्याची किल्ली कोठे टांगली आहे हे राहणाऱ्याला सांगायला मालकाला बजावा.

"आम्ही नाही वाढलो का?"

हे सारे वाचून काही बुजुर्ग म्हणतील, आम्ही चाळीत दहा मुले वाढवली, एवढा बाऊ कधी केला नाही. त्यांचा अनुभव आम्ही मानतो. पण त्या मुलांभोवती दादी होती, चाची होती, शेजारीण होती. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची असे. घर मुलाच्या ओळखीचे होते आणि पुष्कळ ठिकाणी अंगणही जमिनीवरच होते. परक्या शहरात, बाराव्या मजल्यावर, बंद दाराआड एकटी आई आणि एक मूल असते. तेथे शेजारणीच्या नजरेचे काम गजाला आणि कडीलाच करावे लागते. उंटाचा पाय बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही आपली शिकवण आहे. पाय न बांधता भरवसा ठेवणे याला तवक्कुल म्हणत नाहीत.

नकाराची भीती खरी आहे आणि ती एका लेखाने जाणार नाही. परंतु त्या भीतीपोटी आपण प्रश्न गिळले, तर तिची किंमत आपले मूल मोजते. निदान आपण आपसात तरी असा रिवाज पाडू शकतो की घेणारा न संकोचता विचारील आणि देणारा न विचारता सांगेल. येत्या सुट्टीत जे बंधू मुंबईस जाणार असतील, त्यांनी मालकाला फोन लावल्यावर दर विचारण्यापूर्वी एकच वाक्य बोलावे : "सोबत लहान मूल आहे, खिडकीला गज आहेत का?" पुढचा सौदा त्या उत्तरावर ठरवावा.